पूल बंद पंचगंगेवर, गर्दी वाढली राजारामपुरीत

आधी प्रश्न सांगतो. एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थ्यानं कोल्हापूर शहराच्या रस्त्यांचं मॉडेल बांधलं आहे. २०० झोन (शहराचे लहान भाग), ४,००० च्या आसपास लिंक (रस्त्यांचे तुकडे), सकाळच्या गर्दीच्या तासात ६०,००० फेऱ्या, सरासरी फेरी १५ मिनिटांची. रस्त्यांवर वाहतुकीचं वाटप, म्हणजे कोण कोणत्या रस्त्यानं जाईल ते काढणं, फ्रँक-वुल्फ पद्धतीनं, प्रोग्रॅम स्वतः सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला. पंचगंगेवरचा शिवाजी पूल बंद राहिला तर शहरात काय होतं, हे त्याला बघायचं होतं. म्हणून त्यानं पुलाची क्षमता १ करून टाकली, रिलेटिव्ह गॅप (उत्तर अजून किती कच्चं आहे त्याचं माप) ०.००१ ला आल्यावर प्रोग्रॅम थांबवला, आणि राजारामपुरीतल्या एका गल्लीत तासाला ३५ पीसीयू (सगळी वाहनं मोटारीच्या मापात मोजायचं एकक) वाढलेले दिसले. मग सगळे आकडे फ्लोटऐवजी डबलमध्ये, म्हणजे जास्त अंक धरणाऱ्या प्रकारात, घेतले, तर त्याच गल्लीत १२ कमी झाले. शिवाय फ्लोटमध्ये गॅप ०.००००१ च्या आसपास नेला की तो अधूनमधून चक्क उणे येतो. तो विचारतो, "सर, यातला खरा आकडा कोणता? डबलही पुरत नसेल तर लाँग डबल वापरू का?"

दोन्ही खोटे. लाँग डबल घेतलंत तर तिसरा खोटा आकडा मिळेल, एवढंच.

पण प्रश्न चांगला आहे. दोन वेगळे आकडे बघून तुम्ही थांबलात. बहुतेक लोक पहिला आकडा मिळाला की रंगीत नकाशा छापून मोकळे होतात. मीही झालो होतो. सुरुवातीच्या काळात एका छोट्या शहराच्या बाह्यवळण रस्त्याचं काम होतं. फरकाच्या जाड-बारीक रेषा काढून मी नकाशा सभेत मांडला. मागच्या बाकावरच्या एका वयस्क सदस्यांनी विचारलं, "साहेब, रस्ता होणार उत्तरेला, मग आमच्या दक्षिणेच्या बोळात गाड्या कशापायी वाढायच्या?" मी ‘सगळं जाळं एकमेकांशी जोडलेलं असतं’ वगैरे ऐटीत समजावलं. घरी येऊन तोच प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवला, तर सकाळी बोळातली वाढ गायब. गृहस्थ बरोबर होते. मॉडेल पुरतं शिजलेलंच नव्हतं आणि मी ताट वाढलं होतं.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या चुका एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, आकडेमोडीची चूक, म्हणजे फ्लोट की डबल. दुसरी, वाटप समतोलाला, म्हणजे रस्ता बदलून कुणाचाच वेळ वाचणार नाही अशा स्थितीला, पोचायच्या आधीच थांबवल्याची चूक, म्हणजे गॅप. तिसरी, मुळात मोजमापाची चूक, म्हणजे तुमची रस्त्यावरची वाहनगणना आणि पीसीयूचे गुणांक. फ्लोटचं डबल केल्यानं फक्त पहिली कमी होते. तुमच्या ३५ आणि उणे १२ मागे मुख्यतः दुसरी आहे, आणि तिला खतपाणी घातलंय ते पुलाच्या त्या ‘क्षमता १’ नं.

ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी तोलतात, नंतर रिकामी तोलतात, वजाबाकी केली की उसाचं वजन. (काटामारीचा विषय वेगळा, तो इथं नको.) समजा काटा २० किलोच्या पटीतच वजन दाखवतो. पंधरा टन ऊस मोजायला तो छान आहे. पण याच काट्यावर ड्रायव्हरच्या खिशातला डबा खाली ठेवून आणि परत खिशात घालून त्या डब्याचं वजन काढायला गेलात तर? कधी शून्य येईल, कधी २० किलो. तेवढ्यासाठी गुजरीतल्या सोनाराचा काटा लागतो. दोन परिस्थितींची तुलना म्हणजे नेमकी हीच वजाबाकी. पूल चालू असतानाचं अख्खं शहर तोलायचं, पूल बंद असतानाचं अख्खं शहर तोलायचं, आणि एका गल्लीचा फरक काढायचा. शहराचं वजन किती अचूक आलं यापेक्षा काटा किती बारीक दाखवतो, याला इथं महत्त्व आहे.

तुमचा काटा किती जाडा आहे ते तुमच्याच आकड्यांवरून काढू. ६०,००० फेऱ्या गुणिले १५ मिनिटं म्हणजे ९,००,००० वाहन-मिनिटं. गॅप ०.००१ याचा अर्थ, लिंकचे वेळ आहेत तेच धरून प्रत्येकानं आपापला सर्वांत कमी वेळाचा रस्ता धरला असता तर लागला असता त्यापेक्षा शहराचा वेळ अजून सुमारे ९०० वाहन-मिनिटांनी जास्त आहे. आता दोन पर्यायी रस्त्यांत अर्ध्या मिनिटाचाच फरक असेल, आणि कोल्हापूरसारख्या दाट गावात तेवढाच असतो, तर ९०० मिनिटांत १,८०० वाहनं चुकीच्या रस्त्यावर बसू शकतात. सगळी एकाच गल्लीत नसतील, शहरभर विखुरलेली असतील, पण १,८०० च्या गोंगाटात तुम्ही ३५ ची कुजबुज ऐकायला निघालात. गॅप ०.०००१ केला की ही वाहनं १८० होतात, ०.००००१ ला १८, आणि ०.०००००१ ला जेमतेम दोन. गल्लीतल्या ३५ वर विश्वास ठेवायचा तर निदान ०.००००१, शक्य झालं तर त्याच्याही खाली जायला हवं. हा हिशेब ढोबळ आहे. पण प्रत्येक अभ्यासाच्या सुरुवातीला मी तो कागदावर करतोच, कारण गॅप किती हवा हे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकावरून ठरवायचं नसतं, किती छोटा फरक शोधायचाय त्यावरून ठरवायचं असतं.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. डेव्हिड बॉइस, बिलियाना रालेविक-डेकिक आणि हिलेल बार-गेरा यांनी २००४ साली फिलाडेल्फिया परिसराच्या जाळ्यावर हाच प्रश्न घेतला होता. महामार्गाला दोन रॅम्प जोडले तर आसपासच्या लिंकवरचा फरक कधी स्थिर होतो? त्यांचं उत्तर आलं ०.०००१, म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. तेव्हाच्या व्यवहारात यापेक्षा बरेच ढिले गॅप चालत असत. त्यांच्यासमोर महामार्ग होता, तुमच्यासमोर राजारामपुरीची गल्ली आहे. तुम्हाला त्याहून खाली जावं लागेल.

इथं कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, चौकातली गणनाच दहा टक्क्यांनी चुकते, मग या दशांशांचा सोस कशाला?" मला हा युक्तिवाद फार वर्षं पटत होता. तो एकाच परिस्थितीच्या आकड्याला लागू आहे. व्हीनस कॉर्नरला तासाला २,४०० पीसीयू आहेत की २,६००, हे गणनेवर ठरतं, दशांशांवर नाही. पण तुलनेत दोन्ही वेळा गणना तीच असते. ती चुकली असेल तर दोन्हीकडं एकाच दिशेनं चुकली, आणि वजाबाकीत ती चूक बरीचशी निघून जाते. अपुऱ्या गॅपची चूक तशी निघून जात नाही. दोन्ही वेळा प्रोग्रॅम वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या दिशेनं लडखडत थांबलेला असतो. म्हणून कच्च्या माहितीवरसुद्धा हिशेब पक्का करावा लागतो.

आता त्या ‘क्षमता १’ कडं येतो. तुमचा खरा घात इथं झालाय असं मला वाटतं.

तुम्ही लिंकच्या वेळासाठी नेहमीचं बीपीआर (अमेरिकेच्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सचं) सूत्र घेतलं असणार. १९६४ पासून जगभर चालत आलेलं: मोकळ्या रस्त्याचा वेळ गुणिले, १ अधिक ०.१५ गुणिले प्रवाह-क्षमता गुणोत्तराचा चौथा घात. हिशेबाच्या पहिल्या फेरीत रस्ते रिकामे धरून सगळ्यांना सर्वांत जवळचा रस्ता दिला जातो. क्षमता काहीही असो, मोकळा वेळ तुम्ही तसाच ठेवलाय, त्यामुळं रत्नागिरी रस्त्याची सगळी वाहतूक बिनदिक्कत तुमच्या ‘बंद’ पुलावर चढते. समजा १,५०० पीसीयू चढले आणि पुलाचा मोकळा वेळ एक मिनिट आहे. १,५०० चा चौथा घात, गुणिले ०.१५, म्हणजे पूल ओलांडायला साधारण ७६,००० कोटी मिनिटं. त्याला परत १,५०० नं गुणा, की शहराच्या एकूण वेळात एकट्या पुलाचा वाटा ११ कोटी कोटींच्या पुढं जातो. एवढ्या मोठ्या आकड्यापाशी फ्लोटची एक पायरी, म्हणजे त्यात लिहिता येणाऱ्या लागोपाठच्या दोन संख्यांमधलं अंतर, १३ कोटींहून मोठी असते. उरलेल्या अख्ख्या कोल्हापूरचे ९ लाख वाहन-मिनिट एका पायरीच्या आत विरघळून जातात. बेरीज पुलाची, कोल्हापूर शून्य! डबलमध्ये याच ठिकाणी पायरी पाव मिनिटाची असते, म्हणून शहर निदान दिसतं तरी.

पण डबलनं पुढचा रोग बरा होत नाही. फ्रँक-वुल्फ प्रत्येक फेरीत सध्याचे प्रवाह आणि नवे ‘सगळे जवळच्या रस्त्यानं’ प्रवाह यांचं मिश्रण करते, आणि मिश्रणाचं प्रमाण अख्ख्या शहराला एकच असतं. पुलावरचा तो राक्षसी खर्च उतरवायला प्रोग्रॅम मोठी पावलं टाकतो. पूल हलका होतो, पण त्याच पावलानं राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतले लोकही विनाकारण एका रस्त्यावरून उचलून दुसऱ्यावर टाकले जातात. मग पुढच्या फेऱ्यांत ते हळूहळू परत जागेवर येत राहतात. ०.००१ ला तुम्ही त्यांना वाटेतच गाठलंत. गल्लीतले ३५ म्हणजे हेच वाटेतले लोक. फ्लोट आणि डबलमध्ये पावलं किंचित वेगळी पडली, म्हणून वाटेत वेगळ्या ठिकाणी सापडले. एवढंच ते रहस्य.

आणखी एक गंमत. मिश्रणात जुन्या प्रवाहाला नेहमी एकापेक्षा लहान संख्येनं गुणलं जातं, त्यामुळं पुलावरचा प्रवाह कमी कमी होत जातो पण शून्य कधीच होत नाही. बंद पुलावर १० पीसीयू उरले तरी त्यांचा खर्च १५,००० वाहन-मिनिटांवर जातो, आणि गॅपची तुमची मर्यादा आहे ९००. पाच उरले तर ४७४. म्हणजे तुमच्या थांबलेल्या उत्तरात निम्मा गॅप एकट्या पुलाचा असू शकतो, आणि चार-पाच गाड्या अजून पाण्यातून पलीकडं जाताहेत!

यावर तोडगा साधा आहे: पूल बंद करायचा तर लिंकच काढून टाका. क्षमता ०.००१ करू नका, वेळ ९९९९९९९९९ भरू नका. हे ‘खूप मोठा आकडा टाका’ प्रकरण फ्लोटमध्ये विशेष घातक आहे, कारण १०० कोटींपाशी फ्लोटची पायरी ६४ असते. त्यात १० मिनिटांचा रस्ता मिळवला तरी बेरीज तीच राहते, आणि सर्वांत जवळचा रस्ता शोधणाऱ्या प्रोग्रॅमला दोन वेगळे रस्ते सारखेच दिसतात. लिंक काढल्यावर एकच तपासणी करा, कोणताही झोन तुटून पडला नाही ना. तुटलेल्या झोनचा वेळ अनंत, तिथली फेरी शून्य, आणि अनंत गुणिले शून्य म्हणजे ‘संख्या नाही’. ती एकदा बेरजेत शिरली की पुढचं सगळं नासतं. पुराच्या मॉडेलमध्ये हे फार होतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडत जाते, तसतसे तुम्ही एकेक रस्ते काढत जाता, आणि कधी कोणतं गाव बेट झालं ते लक्षात राहत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता.

आता उणे गॅपबद्दल. गॅप व्याख्येनंच उणे होऊ शकत नाही. एका बाजूला प्रत्यक्ष लागलेला एकूण वेळ, दुसऱ्या बाजूला सगळे जवळच्या रस्त्यानं गेले असते तर लागलेला, आणि दुसरा पहिल्यापेक्षा जास्त असणं शक्य नाही. तरी उणे आला म्हणजे काट्यावर गोंगाट आहे. पहिली बेरीज ४,००० लिंकांची, दुसरी ४०,००० झोन-जोड्यांची. दोन्ही ९ लाखांपर्यंत जातात. सव्वापाच लाख ओलांडले की फ्लोटची पायरी ०.०६२५ ची होते, म्हणजे प्रत्येक मिळवणीत ०.०३ पर्यंत चूक. ४०,००० मिळवण्यांत या चुका उलटसुलट पडल्या तरी तीन-चार वाहन-मिनिटं हलतात, आणि एकाच बाजूला कलल्या तर बरंच जास्त. ९ लाखांच्या ०.००००१ म्हणजे फक्त ९ वाहन-मिनिटं. आता कळलं ना, नेमकं तिथंच उणे का येतं? दोन जवळजवळ सारख्या मोठ्या संख्यांची वजाबाकी केली की पुढचे खरे अंक उडून जातात आणि मागचा कचरा उरतो. पुन्हा तोच वजनकाटा.

फ्लोटला २४ बिट मिळतात, दशमान पद्धतीत साधारण सात अंक. डबलला ५३ बिट, पंधरा-सोळा अंक. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानं हे ठरवून दिलं. फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ या संख्येत एक मिळवून बघा, काही होत नाही. आमच्या क्षेत्रात सगळे ज्याच्यावर हात साफ करतात ते अमेरिकेतल्या सू फॉल्स शहराचं जाळं घ्या. २४ नोड (रस्ते मिळतात ते बिंदू), ७६ लिंक, ३,६०,६०० फेऱ्या, १९७५ मध्ये लेब्लांक, मॉर्लोक आणि पियरस्काला यांनी याच जाळ्यावर फ्रँक-वुल्फ चालवून दाखवलं. त्याच्या उद्दिष्ट फलाची (वाटपाचा प्रोग्रॅम जी संख्या कमीत कमी करत नेतो तिची) किमान किंमत ४२,३१,३३५.२८७ अशी माहीत आहे. ही संख्या फ्लोटमध्ये लिहिताच येत नाही. तिथं पायरी अर्ध्याची आहे, म्हणून ती ४२,३१,३३५.५ होऊन बसते. तुमचा प्रोग्रॅम आधी या जाळ्यावर चालवा. शेवटचे दशांश जुळले तर कोल्हापूरकडं या. जुळले नाहीत तर चूक कोल्हापूरच्या माहितीत शोधत बसू नका.

आणि फ्लोटनं वाचतं तरी काय? २०० झोनांची फेऱ्यांची सारणी डबलमध्ये ३,२०,००० बाइट. मोबाइलवर काढलेला रंकाळ्याचा एक फोटो याहून मोठा असतो. जीपीयूवर लाखो लिंकांचा खेळ असेल तर गोष्ट वेगळी, तिथंही माहिती फ्लोटमध्ये ठेवून बेरजा डबलमध्ये करतात. लाँग डबलबद्दल बोलायचं तर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये तो मुळात डबलच असतो, नुसतं नाव लांब. तुम्हाला त्याची गरज नाही. गरज वाटलीच तर बेरजेपुरती गणितज्ञ विल्यम काहान यांची १९६५ ची युक्ती वापरा: प्रत्येक मिळवणीत सांडलेला भुगा एका वेगळ्या चलात साठवत जायचं आणि पुढच्या मिळवणीत परत घालायचा. चार ओळींचं काम. मात्र कंपायलरला फास्ट-मॅथची, म्हणजे वेगासाठी आकडेमोडीचा क्रम बदलायची, मुभा दिली असेल तर तो बीजगणित लावून त्या चारही ओळी निरुपयोगी ठरवून टाकतो. हुशार कंपायलर, काय करणार.

डबल घेऊनही तुमच्या प्रोग्रॅममध्ये एक जागा बहुधा अडकेल: पाऊल किती टाकायचं ते ठरवणारा भाग. बहुतेक विद्यार्थी तिथं उद्दिष्ट फलाची किंमत वेगवेगळ्या पावलांना काढून सर्वांत कमी कुठं येते ते शोधतात. पण तळाशी वक्र सपाट असतो, कढईच्या बुडासारखा. पावलात थोडा फरक केला तर किमतीत त्याच्या वर्गाइतका फरक पडतो. म्हणून सोळा अंकांच्या डबलमध्येसुद्धा पाऊल आठच अंकांपर्यंत कळतं, आणि फ्लोटमध्ये तीन-चार. शेवटच्या फेऱ्यांत पाऊलच मुळी हजारात एक असतं, तेव्हा फ्लोटमधला शोध म्हणजे चाचपडणं. किंमत बघू नका, उतार बघा. नव्या प्रवाहांना लिंकचे वेळ काढा, त्यांना दिशेनं गुणून बेरीज करा, आणि ती बेरीज उण्यातून अधिकात कुठं जाते ते अर्धं-अर्धं करत शोधा. उतार शून्याला सरळ छेदतो, सपाट होऊन नाही, त्यामुळं डबलचे जवळजवळ सगळे अंक हाती लागतात. या एका बदलानं माझा एक अडकलेला प्रोग्रॅम एका दुपारीत सुटला होता.

तरीही फ्रँक-वुल्फची शेपूट लांब आहे. १९५६ ची पद्धत, सोपी आणि संगणकाची मेमरी कमी लागणारी, पण समतोलाजवळ ती नागमोडी चालते. गॅप दहापट खाली न्यायला ढोबळमानानं दहापट फेऱ्या. ०.०००१ पर्यंत तिच्याबरोबर जा, पुढं गाडी बदला. सोपा बदल म्हणजे बाय-कॉन्जुगेट फ्रँक-वुल्फ, तुमच्या कोडमध्ये पन्नासेक ओळींची भर. त्याहून खाली जायचं तर डायल यांची २००६ ची अल्गोरिदम बी, किंवा बार-गेरांची २०१० ची टापास. या पद्धती प्रत्येक झोनसाठी वेगळा हिशेब ठेवतात, त्यामुळं पुलासाठी राजारामपुरीला उचलून नेत नाहीत. तिथं एक नवा खड्डा आहे: न्यूटनसारखं पाऊल टाकताना वेळाच्या उतारानं भागायचं असतं, आणि रिकाम्या लिंकवर बीपीआरचा उतार शून्य असतो. भाजकाला एक लहानशी किमान मर्यादा घाला. फ्लोटमध्ये तर आणखी विचित्र होतं. प्रवाह क्षमतेच्या दोन टक्के असेल तर बीपीआरमधली भर ०.०००००००२४ येते, जी १ मध्ये मिळवली की हरवते. थोडक्या वाहतुकीच्या गल्ल्या फ्लोटच्या नजरेत कायम रिकाम्याच असतात.

एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. लिंकवरचे प्रवाह समतोलात एकमेव असतात, बशर्ते प्रत्येक लिंकचा वेळ प्रवाहाबरोबर वाढत असला तर. कोणत्या मार्गानं किती गेले हे मात्र एकमेव नसतं. प्रोग्रॅम दोनदा चालवल्यावर कावळा नाक्यावरून गंगावेशीपर्यंत मार्गांची वाटणी वेगळी दिसली तर तो दशांशांचा दोष नाही, गणिताचाच स्वभाव आहे. झोन जोडणाऱ्या काल्पनिक लिंकांना तुम्ही ठरावीक वेळ दिला असेल तर त्यांच्यावरचे प्रवाहही दर वेळी वेगळे येतील, त्यांची तुलना करू नका. तसंच, चार थ्रेडवर बेरीज करत असाल तर तोच प्रोग्रॅम दोनदा चालवूनही शेवटचे अंक वेगळे येतील. संगणकातली बेरीज क्रमावर अवलंबून असते, शाळेतला साहचर्य नियम तिथं लागू नाही.

प्रबंधात पुढं सिग्नलच्या वेळा सुधारायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एवढं सांगून ठेवतो. समजा ताराराणी चौकातला हिरवा दिवा एक सेकंदानं वाढवून शहराच्या एकूण वेळात काय फरक पडतो ते बघताय, आणि खरा फरक ४० वाहन-मिनिटांचा आहे. वाटप ०.०००१ ला थांबवत असाल तर प्रत्येक उत्तरातच ९० पर्यंतची ढिलाई आहे. एक सेकंद वाढवल्यानं सुधारलं की बिघडलं हे नाणं उडवून ठरवल्यासारखं होईल, आणि वरचा सुधारणेचा प्रोग्रॅम दिशाहीन भटकेल. पुस्तकात लिहिलेलं असतं की उतार काढायला दहा कोटीत एक एवढा बारीक धक्का द्या. ते डबलच्या सोळा अंकांवर बेतलेलं आहे, तुमचं फल मात्र चारच अंकांपर्यंत विश्वासू आहे. मग धक्का शंभरात एकाच्या घरात हवा, सेकंदाऐवजी चार-पाच सेकंद हलवून बघा, किंवा आतलं वाटप आणखी घट्ट करा. अशा दुमजली प्रश्नात वरच्या मजल्यावर कोणती नवी पद्धत बसवलीय याला फारसा अर्थ नसतो, खालचा मजला हलत असेल तर.

लॉजिट (वेळाच्या घातांकावरून निवडीची शक्यता देणारं सूत्र) लावून मार्गांची संभाव्यता काढणार असाल तर वेळ सेकंदांत भरताना जपा. १५ मिनिटं म्हणजे ९०० सेकंद, आणि गुणांक १ असेल तर उणे ९०० चा घातांक डबलमध्येही शून्य होतो, सगळे मार्ग शून्य झाले की शून्य भागिले शून्य. आधी सगळ्यांतून सर्वांत लहान वेळ वजा करा, मग घातांक काढा. सूक्ष्म सिम्युलेशनकडं वळलात तर घड्याळ पूर्णांक मिलिसेकंदांत ठेवा. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. फ्लोटमध्ये ती दहा लाख वेळा मिळवली की १,००,००० ऐवजी १,००,९५८.३४ येतात, म्हणजे साधारण अठ्ठावीस तासांच्या सिम्युलेशनमध्ये घड्याळ सोळा मिनिटं पुढं. १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या धहरानला अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा चुकली आणि २८ सैनिक मेले, त्यामागं ०.१ सेकंदाचंच अपुरं रूप होतं. शंभर तास यंत्रणा चालू राहिल्यावर वेळ सुमारे ०.३४ सेकंदानं सरकला होता.

मोजमापाच्या चुकीबद्दल थोडं, कारण दशांशांच्या नादात ती विसरली जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ या मार्गदर्शिकेत दुचाकीचा गुणांक वाहतुकीतल्या प्रमाणानुसार ०.५ किंवा ०.७५ आहे. तासाला २,००० दुचाकी असलेल्या रस्त्यावर एवढ्या एका निवडीनं ५०० पीसीयू हलतात. त्यातच ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४ किंवा ५. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या लावून, टेपवर गाणी लावून जाणारा उसाचा ट्रॅक्टर पाचात बसतो असं मला तरी वाटत नाही. गणना नवरात्रात केली की उन्हाळ्यात, हेही लिहून ठेवा. या चुका तुलनेत बऱ्याच अंशी कटतात असं मी वर म्हटलं, पण चौक क्षमतेच्या काठावर असेल तर चौथा घात त्या कटू देत नाही. म्हणून गुणांकांचे दोन्ही संच घेऊन तुलना दोनदा करा.

आता तुमच्या ३५ चं काय करायचं? पुलाची लिंक काढा, डबल ठेवा, पाऊल उतारावरून शोधा, दोन्ही परिस्थितींत गॅप ०.००००१ च्या खाली न्या. मग नोडचे क्रमांक यादृच्छिक पद्धतीनं बदलून तेच काम पाच वेळा करा. रस्ते तेच, माणसं तीच, फक्त हिशेबाचा क्रम बदलेल. गल्लीतला फरक पाच वेळा किती कमी-जास्त येतो ते बघा. तो विस्तार म्हणजे तुमच्या काट्याची पायरी. गल्लीतला फरक त्या पायरीच्या दोन-तीनपट असेल तरच अहवालात घ्या, आणि पूर्णांकांतसुद्धा नको, दहाच्या पटीत लिहा. राजारामपुरीत खरोखर थोडा फरक पडूही शकतो, काही गाड्या शियेमार्गे महामार्गावर जाऊन मागच्या बाजूनं शहरात शिरतील. पण तसं असेल तर तो पाचही वेळा एकाच चिन्हाचा येईल.

हे सगळं करायच्या आधी, आत्ता हातात असलेल्या जुन्या उत्तरातला शिवाजी पुलावरचा प्रवाह छापून बघा. शून्य नसेल तर किती आला ते मला कळवा.